कडक भाकरी, कडक गाडी

पिकअप घ्यायला गेलेल्या बाईला सोलापुरातल्या शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारतात तो गाडीचा नसतो. ‘सर मागून येतायत का?’ हा असतो. दोन शोरूममध्ये मिळून मी तो या ना त्या रूपात तीन वेळा ऐकला. पहिल्यांदा मी खरंच मागे वळून पाहिलं. दुसऱ्यांदा सांगितलं, सर घरी भांडी घासतायत. हे धादांत खोटं होतं. आमचे हे त्या वेळी पतसंस्थेच्या काउंटरवर बसले होते, आणि घरी असते तरी त्यांनी भांडी घासली नसती. पण त्या टायवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. तिसऱ्यांदा मी सरळ ट्रायल मागितली. चौथ्या खेपेला यांना रजा टाकायला लावून बरोबरच घेऊन गेले, आणि ते सगळ्यात वाईट ठरलं, कारण मग माझ्याशी कुणी बोलेचना.

यांना सायकल येते. चारचाकी घरात मला एकटीला येते. गाडी मला हवी होती, कर्ज माझ्या नावावर होतं, आणि गाडी भाकरीसाठी हवी होती.

मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये कडक भाकरी करून विकतो. तेव्हा आम्ही दोघी धरून नऊ जणी होतो. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग धगीच्या कडेला उभी करून तिच्यातला ओलावा पार घालवायचा. अशी भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर सहज टिकते. कडक भाकरी म्हणजे उरलेली, वाळून गेलेली भाकरी असं समजणारे लोक मला भेटतात. ते बहुतेक पुण्याचे असतात. पण पुण्याच्याच एका दुकानदाराच्या जिवावर आमचा धंदा चालला होता, म्हणून मी त्यांना काही बोलत नसे.

हा दुकानदार आमचा जवळजवळ सगळा माल घ्यायचा. त्याची तक्रार एकच होती, आणि ती तो तोंडाने न सांगता फोटोने सांगायचा. उघडलेलं खोकं, आत तुकडे, तुकड्यांभोवती लाल गोल. त्यापेक्षा रोज सकाळी देवाचे फोटो पाठवणारे नातेवाईक परवडले. शेवटी एकदा त्याने फोन केला. म्हणाला, ‘ताई, चवीबद्दल प्रश्नच नाही, पण मी चुरा विकू शकत नाही. दोन महिने बघतो. नाहीतर मला दुसरीकडून घ्यावं लागेल.’ आमच्यातल्या पाच जणी विड्या वळायचं सोडून आमच्याकडे आल्या होत्या. हा माल बंद झाला असता तर त्या परत मांडीवर सूप घेऊन तंबाखूच्या धुळीत बसल्या असत्या. त्या रोज सकाळी हसत शेडमध्ये यायच्या आणि मला मात्र तो फोन आठवायचा.

माल भाड्याच्या टेम्पोतून जायचा. टेम्पोवाला गचके देत चालवतो, त्याच्या गाडीत दम राहिलेला नाही, म्हणून भाकरी तुटते, यावर माझा ठाम विश्वास होता. स्वतःची चांगली पिकअप घेतली की प्रश्न मिटला, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. बँकेने कर्जाला हो म्हटलं आणि मी वही घेऊन गाड्यांचा अभ्यास सुरू केला.

अभ्यास म्हणजे मोबाइलवरचे व्हिडिओ. पिकअपची तुलना करणारी ही माणसं कुठून येतात मला माहीत नाही. सगळ्यांची दाढी एका मापाची आणि सगळ्यांना चिखलाचं वेड. गाडी नदीच्या पात्रात घालतात, दगडांवर चढवतात, मग खाली उतरून बोनेटवर हात ठेवून हसतात, जणू त्यांनीच ती ढकलत वर नेली. अर्धा अर्धा तास तुलना चालते आणि तेवढ्या वेळात एकदाही कुणी मागच्या हौद्यात काही ठेवत नाही. हौदा असलेल्या गाड्यांची तुलना, आणि हौदे रिकामे. एकाने ठेवलं होतं, ते म्हणजे एक तंबू आणि एक गिटार. मी वहीत रकाने आखले होते, त्यात एक रकाना ‘मागे माल किती उडतो’ असा होता. बारा-पंधरा व्हिडिओ बघून झाले तरी तो कोराच राहिला.

मग शोरूम. पहिलं पुणे रस्त्याला होतं. मी आणि अक्का गेलो. आत इतका गारठा की अक्कांनी पदर कानावरून घेतला. काचेच्या दारात एका मुलीने आमच्या चपलांकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि सरांची चौकशी केली. तिथून आम्हाला टायवाल्याकडे सोपवलं, त्यानेही केली. कॉफीचं यंत्र होतं, पण त्याचं बटण दाबून बघितल्यावर तो म्हणाला, ‘सॉरी मॅडम, मशीन बंद आहे.’ आमच्यानंतर सोन्याची साखळी घातलेला एक गृहस्थ आला तेव्हा ते यंत्र सुरू झालं.

तिथे जी पिकअप उभी होती तिला चार दारं होती आणि आत विमानासारखी बटणं. मागे हौदा कसाबसा पाच फुटांचा.

‘मॅडम, ही लाइफस्टाइल पिकअप आहे,’ टायवाला म्हणाला.

‘म्हणजे काय?’

‘म्हणजे वीकेंडला फॅमिलीबरोबर कॅम्पिंग वगैरे.’

सोलापुरात कॅम्पिंग. मे महिन्यात इथे डांबर चपलेला चिकटतं, माणसं दुपारी दारं लावून फरशीवर पडून असतात, आणि हा मला उघड्यावर तंबू ठोकायला पाठवत होता. या गाड्या सोलापुरात कोण घेतं ते मला चांगलं माहीत आहे. काळ्या काचा, पुढे पक्षाचा झेंडा, मागे मोठ्या अक्षरात ‘दादा’ किंवा ‘साहेब’, आणि हौद्यात जन्मात एक पोतं पडलेलं नाही. फार तर वाढदिवसाला स्पीकर चढवतात. ओझी वाहायला केलेली गाडी घ्यायची आणि तिच्यात स्वतःलाच वाहून न्यायचं, एवढाच तिचा उपयोग.

मी विचारलं, मागे माल किती हलतो. तो म्हणाला, टॉर्क बघा मॅडम. मी विचारलं, टॉर्क म्हणजे माल कमी हलतो का. तो म्हणाला, हिल होल्ड पण आहे. असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी त्याने हुकमाचं पान काढलं. बोनेटवर थाप मारून म्हणाला, ‘मॅडम, एकच सांगतो. कडक गाडी आहे.’

आता आमच्याकडची तरुण मंडळी कुठल्याही चांगल्या गोष्टीला कडक म्हणतात. शर्ट कडक, भाषण कडक, लग्न कडक. अक्का मात्र ज्या घरात वाढल्या तिथे कडक हा शब्द भाकरीलाच लागतो. त्यांनी त्याचं म्हणणं शब्दशः घेतलं.

‘कडक नको बाबा,’ त्या काळजीने म्हणाल्या. ‘भाकरी कडक हाय आमची. गाडी मऊ पायजे.’

टायवाला हसला. नुसता हसला नाही, पलीकडच्या टेबलावरच्या दुसऱ्या टायवाल्याकडे बघून हसला. मी अक्कांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं. रिक्षात बसल्यावर मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अक्का म्हणाल्या, ‘जाऊ दे की, त्याला काय म्हाईत,’ आणि पदर कानावरून खाली घेतला.

दुसरं शोरूम मालवाहू गाड्यांचं. तिथे गारठा नव्हता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर पिवळ्या पडलेल्या झेंडूच्या माळा. मला वाटलं, इथे कामाची माणसं भेटतील. भेटली ती बढाया मारणारी. इथल्या विक्रेत्याच्या बोलण्यात एकच विषय होता, किती जास्त भरता येतं.

‘कागदावर दीड टन हाय मॅडम, तुमी तीन टाका. लोक ऊस टाकतेत, वाळू टाकतेत. गाडी हूं का चूं करत न्हाय.’

‘मला तीनशे किलो टाकायचंय.’

‘तीनशे?’ तो चिंतेत पडला. ‘माल काय हाय?’

‘भाकरी.’

त्याने मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर पान चघळत आला, त्यालाही परत सांगावं लागलं. ‘भाकरीला पिकअप,’ मॅनेजर म्हणाला, आणि मग आमच्याकडे बघून त्याने चेहरा सरळ केला. ‘सर काय करतात?’

मी ट्रायल मागितली. ट्रायल म्हणजे त्यांच्या मते शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक गिरकी. मी म्हटलं, आमच्या शेडपर्यंतच्या रस्त्याने जायचं. शेडपासून हमरस्त्याला लागेपर्यंत जो रस्ता आहे त्याला रस्ता म्हणायची पद्धत आहे म्हणून मीही म्हणते. पन्नास भाकऱ्यांचं एक खोकं आम्ही घरून आणलं होतं. अक्का ते घेऊन मागे हौद्यात बसल्या. विक्रेता म्हणाला, ‘मॅडम, मागं माणूस बसवायला परवानगी न्हाय.’ ज्याने मला नुकतंच दीड टनाच्या गाडीत तीन टन भरायला सांगितलं होतं त्याला परवानगी आठवली. मी किल्ली फिरवली.

शेडपाशी पोचून खोकं उघडलं. सतरा तुटल्या होत्या. अक्कांनी मोजल्या, मी मोजल्या, मग विक्रेत्यानेही मोजल्या, कारण त्याला वाटत होतं आम्ही घरूनच तुटक्या आणल्या. मग तोही म्हणाला, ‘मॅडम, गाडी कडक हाय ना, म्हणून.’ या वेळी निदान शब्द बरोबर जागी पडला. त्याने खाली वाकून दाखवलं. मागच्या चाकांवर स्प्रिंगच्या लोखंडी कमानीचे सात पाटे होते. जड मालासाठीच केलेले, म्हणून हलका माल असला की ते दबतच नाहीत, गचका सरळ वर येतो. एवढी एकच गोष्ट मला त्या दोन शोरूममध्ये खरी सांगितली गेली, आणि ती त्याच्या तोंडून चुकून निघाली असावी.

तिसरं शोरूम होटगी रस्त्याला होतं, तेही शोरूम म्हणण्यासारखं नव्हतं. पत्र्याखाली दोन धुळकट पिकअप, एक टेबल, आणि टेबलामागे साठीचा एक माणूस. पायात रबरी स्लिपर, खिशाला शाईचा डाग, पुढ्यात वर्तमानपत्र. तो उठला नाही. त्याने सरांची चौकशीही केली नाही, पण ते माझ्या फार नंतर लक्षात आलं.

‘काय न्हेणार?’ त्याने विचारलं.

‘भाकरी,’ मी म्हटलं, आणि हसण्याची वाट बघत थांबले.

‘हाय का आणलेली? बगू.’

अक्कांनी पिशवीतून एक काढून दिली. त्याने ती कानाजवळ धरून नखाने टिचकी मारली. मग कडेचा तुकडा मोडून खाल्ला आणि डोळे मिटून चावला.

‘मालदांडी जवारी व्हय?’

‘मंगळवेढ्याची,’ अक्का म्हणाल्या. त्यांना तो माणूस आवडला होता, मला दिसत होतं.

‘एका खेपेला वजन किती?’

मी सांगितलं. त्याने मान हलवली. ‘मग गाडी कशाला घेताय ताई? आता माल जातोय त्या गाडीत काय वंगाळ हाय? हलक्या मालाला कुठलीबी पिकअप उडवणारच. घेतलीच तर मागं दोन वाळूची पोती टाका, गाडी बसंल. पण खरी गोष्ट ती न्हाय. खोक्यात तुमी भाकरी आडवी लावता ना, एकावर एक?’

‘मग कशी लावणार?’

‘उभी लावा. आडवी लावली की पन्नास भाकऱ्यांचं वजन खालच्या भाकरीवर. गचका बसला की ती तुटती. अवो, वाळवताना उभीच करता की. मग न्हेताना कशाला झोपवता?’

आता हे वाचणाऱ्याला शहाणपणाचं वाटेल. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. आठ दिवस मी शोरूममधून हिंडत होते, आठ दिवस माणसं मला गाडीतलं काही कळत नाही असं धरून बोलत होती. ते मी सहन केलं, कारण गाडीतलं मला खरंच फार कळत नव्हतं. पण आता गाडी विकायला बसलेला माणूस मला भाकरी ठेवायला शिकवत होता. मी बी.कॉम. आहे. लेबल मी बनवलं, खोक्याचं माप मी ठरवलं, पुण्याचा दुकानदार मी मिळवला. आणि आमच्या घरात भाकरी दुरडीत आडवीच ठेवतात, आईने तशी ठेवली, सासूने तशी ठेवली, उभी फक्त धगीला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

‘काका,’ मी म्हटलं, ‘तुम्ही गाड्या विका. भाकरीचं आमचं आम्ही बघू.’

‘बगा की,’ तो म्हणाला आणि त्याने वर्तमानपत्र परत उघडलं.

परत येताना मी त्याची खूप टिंगल केली. स्लिपर घालून गाड्या विकतो, गिऱ्हाइकाला गाडी कशाला घेताय म्हणून विचारतो, म्हणून तर त्याच्या गाड्यांवर बोटभर धूळ. वहीत त्याच्या नावापुढे रकाने न भरता मी लिहिलं, ‘माणूस बिनकामाचा’. अक्का रिक्षाच्या बाहेर बघत होत्या. मी म्हटलं, ‘काय हो अक्का, बोलत नाही?’ त्या म्हणाल्या, ‘काय न्हाय.’

दोन दिवसांनी दुसऱ्या शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला. ‘मॅडम, तुमचा विषय मी वरपर्यंत नेला,’ तो म्हणाला. वर म्हणजे कुठे कुणास ठाऊक. उपाय असा होता की मागचा एक पाटा काढून द्यायचा, म्हणजे कमान मऊ पडेल. या वेळी मी यांना घेऊन गेले. मॅनेजरला अखेर सर मिळाले. मी स्टिअरिंगवर बसले होते आणि तो खिडकीतून माझ्या अंगावरून वाकून शेजारी बसलेल्या यांना क्लच समजावून सांगत होता. हे ‘हो का, हो का’ म्हणत होते. ट्रायलच्या गाडीखाली वाकून मी स्वतः पाटे मोजले. सहा. मोठ्या ऐटीत मोजले, पदर खोचून, सगळ्यांच्या देखत. परत तोच रस्ता, तसंच पन्नास भाकऱ्यांचं खोकं. तीन तुटल्या. मी तिथेच गाडी ठरवली.

डिलिव्हरीच्या दिवशी त्यांनी गाडीवर लाल कापड टाकलं होतं आणि टेबलावर एक केक होता, त्यावर गाडीचं चित्र. अक्कांनी चाकांखाली लिंबं ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, मी हार घातला. मग एका मुलीने माणसाच्या उंचीची पुठ्ठ्याची किल्ली आणली आणि ती यांच्या हातात दिली. फोटोत हे किल्ली धरून उभे आहेत, मॅनेजर त्यांच्याशी हात मिळवतोय, मी एका कडेला आहे आणि अक्का फक्त पदरापुरत्या आहेत. तो फोटो शोरूमने आपल्या फेसबुकच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, सरांचे हार्दिक अभिनंदन. सरांनी तो अजून ठेवलाय.

त्याच आठवड्यात पुण्याची खेप होती. दुकानदाराला मी आधीच फोन करून सांगितलं होतं, आता स्वतःची गाडी आहे, बघाच. मी चालवत होते, अक्का शेजारी. मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेली, मला गाडी चालवताना गाणं म्हणावंसं वाटत होतं. पुलांवरच्या सांध्यांवर मागे खोकी दणादण आपटत होती ते ऐकू येत होतं, पण नव्या गाडीचा आवाज असेल म्हणून मी सोडून दिलं.

दुकानदाराने पहिलं खोकं उघडलं. मग दुसरं, मग मधलं एक, मग शेवटचं. मी समोरच उभी होते म्हणून या वेळी त्याने फोटो काढले नाहीत. अक्कांनी एका खोक्यात हात घातला आणि ओंजळभर तुकडे वर काढले. ‘एल्ला मुरीतु,’ त्या हळूच माहेरच्या कानडीत म्हणाल्या. सगळं तुटलं. अगदी सगळं नव्हतं, पण अर्ध्याच्या वर होतं, टेम्पोतून कधी तुटलं नव्हतं इतकं. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला चहा दिला आणि म्हणाला, ‘ताई, आता नको.’

येताना एका ढाब्याजवळ गाडी थांबवून मी खाली वाकले आणि पाटे मोजले. सात होते. कुणी स्पॅनरसुद्धा लावलेला नव्हता. पाटा काढला होता तो ट्रायलच्या गाडीचा. तिचे मी मोजले आणि स्वतःच्या गाडीचे मोजायचे तेव्हा मी हार घालत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिले. तो बसा म्हणाला, मी बसले नाही. त्याचं म्हणणं तयार होतं. ‘मॅडम, कंपनीच्या फिटिंगला हात लावला की वॉरंटी जाते. तुमच्याच भल्यासाठी तसंच ठेवलं.’ मी विचारलं, मग तुटलेल्या मालाचं काय. तो म्हणाला, ‘लोड टाका मॅडम. लोड टाकला की गाडी बसते.’ मी त्याला सांगितलं की तुमच्या या अख्ख्या दुकानात मऊ अशी एकच वस्तू आहे आणि ती तुमची जीभ. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मला फार बरं वाटलं, साधारण परत गाडीत बसेपर्यंत.

पुण्याचा माल बंद झाला तो झालाच. मी चार वेळा फोन केला, तो गोड बोलला, दुसऱ्या एका गटाकडून घ्यायला लागलोय म्हणाला. महिनाभर आम्ही सोलापुरातल्या दुकानांवर भागवून बघितलं, पण नऊ जणींचं काम त्यात नव्हतं. विड्यांच्या पाच जणींपैकी चार परत गेल्या. कुणी भांडून गेली नाही. एक जाताना आपली पोळपाटाएवढी परात धुऊन, पुसून, भिंतीला टेकवून गेली. शेडमध्ये चार शेगड्या गार पडल्या आणि बाहेर नवीकोरी पिकअप उभी, तिच्या मागच्या काचेवर शोरूमचं नाव, फुकट जाहिरात करत. ती विकून टाकायचं मी ठरवत होते.

मग वैरागच्या एका दुकानदाराने थोडा माल मागवला, आठ खोकी. मी सकाळी शेडवर गेले तेव्हा अक्कांनी ती भरून ठेवली होती. भाकऱ्या उभ्या. मधूनमधून जाड कागदाची घडी. गाडीच्या हौद्यात वाळूची दोन पोती, शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली. मला विचारलं नव्हतं. मी किल्ली काढली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. माझ्यात तेव्हा वाद घालण्याइतकं काही उरलं नव्हतं.

वैरागचा तो रस्ता किती खराब होता ते सांगत बसत नाही. दुकानात आम्ही आठही खोकी उघडायला लावली. चारशे भाकऱ्यांत दोन तुटल्या होत्या, त्यातली एक दुकानदाराने बोट घालून तोडली. तो म्हणाला, दर आठवड्याला पाठवा. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या पुण्याच्या खेपेचा हिशोब करत होते, आणि त्या चार जणींचा.

परतताना आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर चहाला थांबलो. मी मोठ्या मनाने कबूल करायचं ठरवलं. म्हटलं, ‘अक्का, त्या स्लिपरवाल्याचं ऐकायला हवं होतं.’

अक्कांनी चहा बशीत ओतला.

‘त्याचं कशाला?’ त्या म्हणाल्या. ‘मी म्हणले हुते की. टेम्पो हुता तवाच. उभ्या लावून बगू, म्हणले हुते.’

‘कधी?’ मला खरंच आठवत नव्हतं.

‘फोटो येत हुते तवा. तू फोनवर हुतीस. म्हणलीस, अक्का, तुमाला प्याकिंगमदलं काय कळतंय.’

त्या रागाने बोलत नव्हत्या. मला ते वाक्य आठवलं नाही, पण ते मी म्हटलं असणार यात मला जराही शंका वाटली नाही. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. टेम्पोतूनच उभ्या लावून पाठवल्या असत्या तर ना गाडी लागली असती, ना कर्ज, आणि त्या चौघी आज शेडमध्ये भाकरी थापत असत्या. मला अक्कांची माफी मागायची होती. तोंडातून निघाली ती तक्रार.

‘मग परत का नाही म्हणालात?’

अक्कांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

‘कुणाला म्हणू?’ त्यांनी विचारलं.